निकम सरांचे तास

निकम सर वर्षातून दोनदा बेकार होत. एकदा फेब्रुवारीत आणि एकदा जुलैत. बेकारीचा पहिला दिवस ते दोन्ही वेळा एकाच पद्धतीने घालवत: संध्याकाळी साडेसातला हॉलवर हजर राहून. करार आदल्या संध्याकाळी संपलेला असे, गळ्यातली शिट्टी मात्र जागच्या जागी असे. कुणी म्हणालं, "सर, आज कसे काय? तुमचं तर काल संपलं ना?" तर म्हणत, "माझा करार संपलाय. तुझा डावा हात अजून सुरूसुद्धा झालेला नाही."

सर आखनमधल्या एका लहानशा खासगी कॉलेजात बास्केटबॉलचे कोच होते. आखन म्हटल्यावर लोकांना जी मोठी टेक्निकल युनिव्हर्सिटी आठवते, ती ही नव्हे. हे तिच्या मागच्या गल्लीतलं, एका इमारतीचं आणि अर्ध्या पार्किंगचं कॉलेज. सरांची नेमणूक तिथे सहा महिन्यांसाठी असायची. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड-दीड तास. मानधन तासावर, आणि तेही वीस युरोच्या आतलं. कागदावर ते कॉलेजचे नोकर नव्हते, 'स्वतंत्र व्यावसायिक' होते. म्हणजे आजारी पडले तर स्वतंत्रपणे पडायचं, म्हातारे झाले तरी स्वतंत्रपणेच व्हायचं.

यात सरांना नवीन काही वाटत नसे, कारण पुण्यातही ते एका कॉलेजात तासिका तत्त्वावरच होते. अकरा वर्षं, दर जूनला नवा करार. पुढे मेधाताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आखनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि सर त्यांच्या मागोमाग जर्मनीत आले. "नवरा बायकोच्या व्हिसावर आलाय," असं लोक हळू आवाजात सांगत. सर स्वतः मोठ्याने सांगत. "देश बदलला, हवा बदलली, पोळीची जागा पावाने घेतली," ते म्हणत, "तत्त्व तेवढं तेच राहिलं."

मी आखनला मास्टर्स करायला आलो, त्याच हिवाळ्यात सर त्या कॉलेजात लागले. आमची भेट झाली ती आवाजावरून. मी एका मित्राला भेटायला तिथे गेलो होतो. व्हरांड्यातून चाललो असताना बंद दारामागून दहा-बारा जर्मन गळ्यांतून एकसाथ आरोळी आली, "खाली! खाली! खाली बस!" मला वाटलं, परदेशात आल्यावर माणसाला भास होतात ते हेच. दार ढकललं, तर सहा-सहा फुटांची गोरी मुलं गुडघ्यांत वाकून, हात पसरून खेकड्यासारखी आडवी सरकत होती आणि मध्ये एक बुटका, सावळा, पन्नाशीच्या आसपासचा माणूस उभा होता. बचावाचा पवित्रा शिकवायला सरांना जर्मन शब्द सापडला नव्हता, म्हणून त्यांनी आपलाच वापरला होता. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरळ मराठीत विचारलं, "उंची दिसतेय. गुडघे आहेत का?"

गुडघे होते, पण कामाचे नव्हते. मी दुसऱ्या कॉलेजचा असूनही सरावाला जाऊ लागलो. मी फार वाईट खेळायचो. सरांनी हे मला कधी थेट सांगितलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "निखिल, तू बाकावर फार छान बसतोस. काहींना तेही जमत नाही." पुढे मी शिकून नोकरीला लागलो, तरी बाक काही सोडला नाही. गुण लिहिणं, पाण्याच्या बाटल्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ही खाती माझ्याकडे आली. मी स्वभावाने याद्या करणारा माणूस आहे.

सरांचं शिकवणं कराराच्या दीड तासात कधी मावलं नाही. टोबियास नावाचा एक दोन मीटर उंचीचा मुलगा होता. त्याला वाकताच येत नसे. सर त्याच्यासाठी दर मंगळवारी लेक्चरच्या आधी, सकाळी सातला येत. बाहेर अंधार, सायकलच्या सीटवर बर्फ, आणि आत हे दोघं. चाळीस मिनिटं चेंडूला हात लावायचा नाही, नुसतं वाकायचं. मार्चमध्ये टोबियास नीट खाली बसला, तेव्हा सरांनी त्याला खांद्यावर थोपटलं. खरं तर कंबरेवर, कारण खांद्यापर्यंत हात पुरत नसे. "दोन मीटरचा माणूस आहे," ते मला म्हणाले, "खाली यायला वेळ लागणारच." शनिवारचा सराव असा वेगळा, बाहेरगावचे सामने वेगळे, सुट्टीतला सराव वेगळा. यातलं काहीच करारात नव्हतं. सरांनी करार वाचलेला नव्हता असं नाही. ते म्हणत, "करारात तास असतात. खेळाडू कुठे असतो?"

आमच्या मराठी मंडळात मात्र या सगळ्याची किंमत शून्य होती. दिवाळीच्या फराळाला जमलेल्यांपैकी निम्मे गाड्यांचे इंजिनियर, निम्मे सॉफ्टवेअरवाले. तिथे नोकरी म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुलकर्णी नावाचे एक गृहस्थ दरवर्षी चकली खाताना सरांना न चुकता विचारत, "कोच ते ठीक आहे हो, पण काम काय करता?" एका वर्षी त्यांनी मोबाइलवरून सगळ्यांना वाचून दाखवलं, की अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉल कोचला कोटींत पगार असतो, काही राज्यांत तर गव्हर्नरपेक्षा जास्त. करार अनेक वर्षांचे. मध्येच काढून टाकलं तर उरलेल्या वर्षांचे पैसे घरी बसून.

"ऐकलंत का निकम," कुलकर्णी म्हणाले, "तिकडे काढलं तरी पैसे देतात."

"हो का," सर म्हणाले, "इकडे ठेवलं तरी देत नाहीत." आणि त्यांनी दुसरी चकली घेतली.

सगळे हसले, सरही हसले. मेधाताई तेवढ्या हसल्या नाहीत. पुढे एकदा त्या मला म्हणाल्या, "अरे, मला त्यांच्या पैशाची गरज नाहीये. पण दर सहा महिन्यांनी तो कागद येईपर्यंत त्यांना झोप नसते. बोलत नाहीत, पण पोस्टाची पेटी दिवसातून तीनदा उघडतात. माझ्या नवऱ्याला एकदा तरी कुणीतरी म्हणावं, की तुम्ही राहा."

आणि मग ते घडायची वेळ आली. गेल्या वर्षी जानेवारीत कॉलेजच्या क्रीडाविभागाच्या प्रमुख फ्राउ ब्रांट यांनी सरांना बोलावलं. संघ तीन वर्षांत प्रांतातल्या कॉलेजांत शेवटच्या जागेवरून पहिल्या तिनात आला होता, आणि कॉलेजच्या जाहिरातीत आता सरांच्या मुलांचे फोटो छापले जात. फ्राउ ब्रांट म्हणाल्या, की कोचची खरी जागा मंजूर झाली आहे. अर्धवेळ, पण पगारी, विमा आणि पेन्शनसकट. आणि 'उनबेफ्रिस्टेट', म्हणजे कायमची. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या लोकांना दुसरा कुठला शब्द आला नाही तरी हा येतो. घर भाड्याने घेताना, कर्ज काढताना, मुलीच्या सासरी सांगताना, सगळीकडे तो लागतो.

सर त्या दिवशी घरी आले आणि बूट न काढता तसेच स्वयंपाकघरात उभे राहिले. मला त्यांनी फोन केला तेव्हा आवाज नेहमीचाच होता. "अकरा करार पुण्याचे, बारा इथले," ते म्हणाले. "तेवीस झाले. प्रत्येकाच्या शेवटी तारीख होती. शेवटची तारीख नसलेला कागद कसा दिसतो, तेवढं एकदा बघायचंय. मी चोपन्न वर्षांचा आहे, निखिल. परत विचारणार नाहीत."

अर्जाचं काम मी अंगावर घेतलं. खरं तर ओढून घेतलं. सरांचं जर्मन मैदानापुरतं होतं आणि मला वाटत होतं, की सहा वर्षांचं ऋण फेडायची हीच संधी. आम्ही दोघं अशा मुलखातून आलो होतो जिथे कायम होण्यासाठी माणूस जाडजूड फाइल घेऊन जातो. प्रमाणपत्रं, झेरॉक्स, आणि सगळ्यात वर कामाच्या तासांचा दाखला. जितके तास जास्त, तितका हक्क मोठा. पुण्यात कायम होण्यासाठी सर असेच तास गोळा करत बसले होते आणि ते कुणी मोजले नव्हते. इथे मोजायचे, असं मी ठरवलं.

पुरावा माझ्याच मोबाइलमध्ये होता. सहा वर्षांत सरांनी घेतलेल्या प्रत्येक जादा सरावाचा निरोप आमच्या ग्रुपवर होता. "उद्या सात वाजता. खाली बसायची तयारी ठेवा." मी तीन शनिवार-रविवार खर्च करून एक्सेल बनवली. तारीख, वेळ, ठिकाण, कोण हजर. कराराचे तास निळे, वरचे हिरवे. पूर्ण झाल्यावर पाहिलं तर सगळा तक्ता हिरवागार होता. सरांनी कराराच्या तिप्पट काम केलं होतं. मी तो छापून सरांच्या घरी नेला. त्यांनी चष्मा लावून अख्खा वाचला आणि म्हणाले, "एक शनिवार राहिलाय. बेल्जियममधल्या लीजला गेलो होतो तो." मी तोही घातला.

त्यांची मुलगी ईरा तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती इथेच वाढली. मराठी सगळं समजायचं, उत्तर जर्मनमध्ये यायचं. तिने माझ्या खांद्यावरून तक्ता पाहिला आणि म्हणाली, "पापा, दास गेट निश्ट." म्हणजे, हे असं चालत नाही. एवढं फुकट काम केलंत हे लिहून द्यायचं नसतं.

"अगं, लिहून दिल्याशिवाय कळणार कसं?" मी म्हणालो.

"आल्झो..." म्हणजे 'बरं मग', असं म्हणून तिने खांदे उडवले आणि ती खोलीत निघून गेली. आम्ही दोघं मोठी माणसं होतो. आम्ही तक्ता अर्जाला जोडला, वर 'विशेष योगदान' असं शीर्षक दिलं आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पहिल्या परिच्छेदात सरांच्या असामान्य निष्ठेबद्दल कॉलेजने मनापासून आभार मानले होते. दुसऱ्यात लिहिलं होतं, की जागेसाठी त्यांचा विचार करता येणार नाही. तिसऱ्यात, की येत्या सत्राचा करारही आता देता येणार नाही.

मी सरांना घेऊन फ्राउ ब्रांटकडे गेलो. बाई भल्या होत्या. त्यांनी दार लावलं, माझ्या तक्त्याची प्रत टेबलावर ठेवली आणि बराच वेळ हिरव्या रंगाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, की हा कागद कॉलेजच्या वकिलांकडे गेला. वकिलांनी वाचलं, की हा माणूस सहा वर्षं दररोज इथे येतो, इथल्याच हॉलमध्ये, इथल्याच मुलांना शिकवतो. म्हणजे हा स्वतंत्र व्यावसायिक नाहीच, नोकरच आहे, फक्त नाव वेगळं. उद्या सरकारला कळलं तर सहा वर्षांचा विमा आणि पेन्शन कॉलेजला भरावी लागेल. तेव्हा आता त्याला एकही नवा कागद देऊ नका.

"आणि त्यांनी फक्त करारापुरतंच काम केलं असतं तर?" मी विचारलं.

"तर जागा त्यांचीच होती," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही मला दाखवायचं होतं हो. अर्जाला जोडायचं नव्हतं."

त्या दिवशी मला सरांकडे बघवेना. मी केलेल्या सगळ्या याद्यांत ती सर्वांत नीट होती, आणि तिनेच माझ्या माणसाची नोकरी घालवली होती. बसस्टॉपवर मी काहीतरी पुटपुटलो. सर म्हणाले, "तू खोटं काही लिहिलं नाहीस ना? मग झालं." हे ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. मला बरं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

पण ज्या तक्त्याने घात केला, त्यानेच सुटकाही होईल अशी एक वाट निघाली. जर्मनीत राहणाऱ्या सगळ्या शहाण्या मराठी कुटुंबांप्रमाणे मेधाताईंकडेही वकिलाच्या खर्चाचा विमा होता. कोर्टात जायला तीन आठवड्यांची मुदत होती. वकीलबाईंनी तक्ता पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. इतका स्वच्छ पुरावा आपण कधी पाहिला नाही, असं त्या म्हणाल्या. माझ्या कामाचं कौतुक करणारी जगातली ती एकमेव व्यक्ती. खटला जवळजवळ जिंकलेलाच आहे, कोर्ट कॉलेजला सरांना कायम करायला लावेल. फक्त एक गोष्ट सरांनी सांगायची, की हे जादा तास कॉलेजच्या सांगण्यावरून झाले. निदान कॉलेजची तशी अपेक्षा तरी होती.

मी भाषांतर करायला बसलो होतो. सर म्हणाले, "मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपला जात होतो."

मी वकीलबाईंना जर्मनमध्ये सांगितलं, की सर म्हणतात, स्पष्ट सूचना नव्हती, परंतु तशी एक अपेक्षा होती.

"नाइन, नाइन," सर म्हणाले. मैदानापुरतं जर्मन तेवढ्यात नेमकं कामाला आलं. "मी असं म्हटलं नाही. निखिल, नीट सांग त्यांना."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या शब्दांत, तिसऱ्या शब्दांत विचारून पाहिलं. प्रमुख बाईंना ठाऊक होतं ना? मग ती मूक संमती झाली. हॉलची किल्ली कुणी दिली? संघ जिंकल्यावर कुणी शाबासकी दिली का? मेधाताई शेजारी बसल्या होत्या. त्या न राहवून म्हणाल्या, "अहो, म्हणा ना हो एकदा. एका वाक्याचा तर प्रश्न आहे. कुणाचं काय बिघडणार आहे?"

सर बायकोकडे बघून हळू म्हणाले, "मेधा, ते तास मी दिले होते गं. विकले नव्हते. आता पावती कशी फाडू?"

हे मी बाईंना भाषांतर करून सांगितलं. या वेळी नीट सांगितलं. त्यांनी फाइल मिटली आणि हात पुढे केला. मुदत आली आणि गेली. त्या जागेवर क्रीडाशास्त्राची पदवी असलेला एक सत्तावीस वर्षांचा मुलगा लागला. तो चांगला आहे असं ऐकतो. साडेसातला शिट्टी वाजवून बरोबर नऊला थांबतो. कॉलेजचे वकील निर्धास्त आहेत. संघ मात्र आता पहिल्या तिनात येत नाही, शेवटूनच मोजावा लागतो.

उन्हाळ्यात मेधाताईंनी नोकरी बदलली आणि ते वाल्डॉर्फकडे राहायला गेले. निरोपाला टोबियास आला होता. त्याने सरांना मिठी मारली, त्यासाठी तो चांगला खाली वाकला. मंडळाच्या ग्रुपवर दोन महिन्यांनी बातमी आली, की निकमांना सरकारी शाळेत नोकरी लागली. कायम, पूर्णवेळ, पेन्शनसकट. कुलकर्णींनी सगळ्यांच्या आधी अभिनंदन लिहिलं, "चला, अखेर मार्गी लागले!" कसली नोकरी, ते त्यांनी पहिल्यांदाच विचारलं नाही.

ऑक्टोबरात मी भेटायला गेलो. सर त्या शाळेचे हाउसमाइस्टर झाले होते, म्हणजे इमारत सांभाळणारे. दिवे, दारं, हीटर, जिम्नॅशियमची जमीन. निळं जाकीट, कमरेला किल्ल्या, आणि चेहरा खरोखरच पूर्वीपेक्षा भरलेला. पगार कोचिंगच्या कित्येक पट होता. त्यांनी मला आपल्या लहानशा खोलीत नेऊन कपाटातून करार काढून दाखवला. शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "बघ. तारीखच नाही." मग तो परत प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला. ते खूश होते. मीही झालो.

साडेचारला त्यांची ड्यूटी संपायची. जाता जाता ते मला जिम दाखवायला घेऊन गेले. आत बारा-तेरा वर्षांची एक मुलगी एकटीच बास्केटवर चेंडू टाकत होती. कोपर पार बाहेर जात होतं, प्रत्येक चेंडू डावीकडे जात होता. मला बाकावरच्या माणसालाही ते दिसलं. सरांना दाराबाहेरूनच दिसलं असणार. मुलगी धावत आली. "हेर निकम, माझं काय चुकतंय? कोच अजून आले नाहीत."

"ते आले की त्यांना विचार," सर म्हणाले. अगदी प्रेमाने म्हणाले.

मी घड्याळ पाहिलं. चार पंचवीस झाले होते. मी वाट बघत राहिलो. किल्ल्या माझ्या हातात देऊन ते आता आत जातील, असं मी धरूनच चाललो होतो. ते गेले नाहीत. मला म्हणाले, "माझ्या कामात बसत नाही ते. तिला काही लागलं-बिगलं तर शाळा अडचणीत येते. चल, चहा घेऊ."

"सर," मी म्हणालो, "पाच मिनिटांचं तर काम आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते टोमणा मारत असते तर मी तो आनंदाने घेतला असता, सहा वर्षांत तसे पुष्कळ घेतले होते. पण त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

"ती पाच मिनिटं लिहायची कुठे, निखिल?"

सरांनी दार ओढून घेतलं आणि आम्ही पार्किंगकडे चालू लागलो. मागे चेंडू रिंगला लागून उडाल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा आला. सरांनी मागे वळून पाहिलं नाही.